व्हिसाच्या खिडकीवरचा ठसेवाला

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. बोटांचे ठसे घेणारा. जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. परदेशी फिरायला जायचं तर आधी व्हिसाचा अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करताना ठसे द्यावे लागतात. तुमच्याही घरातलं कुणी माझ्या काचेवर बोटं टेकवून गेलं असेल, कोण जाणे!

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. डोक्यावर टोपी आणि हातात मोजे घातलेल्या कामगारांनी माझ्या पोटात एक कॅमेरा आणि हिरवा दिवा बसवला. वर जाड काच लावली आणि काचेवर मऊ, आरपार दिसणारा पडदा चिकटवला. तो पडदा म्हणजे माझं वैभव. मग खोक्यात बसून, धक्के खात मी या कार्यालयात आलो.

काय ते कार्यालय! नंबर पुकारणारा आवाज, काचेच्या खिडक्या, आणि मांडीवरची फाईल तान्ह्या बाळासारखी सांभाळत बसलेली माणसं. घरी सगळ्यांवर डाफरणारे गृहस्थ इथं अगदी गरीब गाय होऊन येतात. माझा हिरवा दिवा लागला की आजीबाई हात मागे घेत विचारायच्या, "चटका नाही ना बसायचा?" मला हसू यायचं. आधी उजव्या हाताची बोटं, मग डाव्या हाताची, शेवटी दोन्ही अंगठे, की झालं! बाहेरून कुणी बडे पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा आमचा हुकमी एक्का." मी फुशारून जायचो. का नाही फुशारायचं? माझ्या काचेवरून किती माणसं डोंगर, समुद्र आणि बर्फ बघायला गेली!

पण दिवस सारखे राहत नाहीत. नवे स्कॅनर आले. पातळ, चकचकीत आणि भलतेच घाईचे. मला कोपऱ्यातल्या बंद खिडकीत सरकवलं. माझ्यावर प्लॅस्टिकचं झाकण आलं आणि झाकणावर मॅडमचा चहाचा कप. मॅडम म्हणजे शेजारच्या खिडकीवर अर्ज घेणाऱ्या. मनानं चांगल्या, पण कप ठेवायच्याच. पुढच्या महिन्यात मला भंगारात काढायचं, असंही मी साहेबांच्या तोंडून ऐकलं. फार वाईट वाटलं, मित्रांनो.

अशात एक दिवस मॅडमच्या खिडकीवर एक मावशी आणि त्यांचे यजमान आले. मावशी कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होत्या. यजमानांचे ठसे एका दमात आले. मावशींनी हात ठेवला, तर नवा स्कॅनर लाल झाला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल.

"हात दाखवा बघू, मावशी," मॅडम म्हणाल्या. "अहो, काय करून घेतलंत हे? बोटांवर रेघाच दिसत नाहीत!"

मावशींनी मान खाली घातली. "इथं हातांचा फोटो काढतात असं ऐकलं होतं. माझी बोटं रंगानं निळी झालेली. परक्या देशाला असे हात कसे दाखवायचे? म्हणून आठवडाभर वज्रीनं घासली."

"मी सांगत होतो, त्या टाचा नाहीत, बोटं आहेत!" यजमान म्हणाले. "पण आमचं ऐकतंय कोण?"

मॅडमना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या. "आज ठसे आले नाहीत तर पुढची तारीख घ्यावी लागेल. दोन महिने तरी जातील."

"दोन महिने?" मावशी खिडकीशी वाकल्या. "माझी थोरली बहीण तिकडे दिली आहे. तिची नजर जात चालली आहे. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस दिसणार नाही. परवा फोनवर म्हणाली, अंधार व्हायच्या आत ये, मला तुझं तोंड बघायचंय."

यजमानांची थट्टा तिथंच थांबली. मॅडमनी माझ्यावरचा कप उचलला, झाकण काढलं आणि माझी वायर जोडली.

"अहो, तो चालू तरी होतो का?" मागच्या टेबलावरून साहेबांनी विचारलं.

मी झटकन हिरवा दिवा लावला. दुसरं काय उत्तर देणार!

मॅडमनी माझी काच मऊ कापडानं पुसली. पर्समधली क्रीम मावशींच्या बोटांना अगदी पुसट लावली. मावशींनी घाबरून हात जोरात दाबला आणि होत्या त्या रेघाही चेपल्या गेल्या.

"अगं, दाराची बेल नाही ती!" यजमान कळवळून म्हणाले. "हलक्या हातानं."

मावशींनी डोळे मिटून बोटं नुसती टेकवली. माझा मऊ पडदा त्या बोटांना बिलगला. नवे स्कॅनर एकदा बघतात आणि नाही म्हणतात. मी बघतच राहिलो. आधी नुसता धूसर डाग दिसला. मग एक बारीक रेघ, तिच्या शेजारी दुसरी. उजव्या हाताची बोटं उमटली, डाव्याची उमटली. अंगठ्यांनी थोडा जीव खाल्ला, पण मीही हट्टाला पेटलो होतो. शेवटी मॅडमच्या संगणकावर हिरवी खूण आली आणि मावशी मटकन खुर्चीत बसल्या.

"राहू दे याला इथंच," साहेब म्हणाले. तेव्हापासून गवंडी, माळी, भांडी घासणाऱ्या बायका, सुरकुतल्या हातांचे आजोबा, सगळे माझ्याकडे येतात. माझी खिडकी आता उघडी असते. आणि कप? तो ठेवायची कुणाची छाती नाही!

काही दिवसांनी मावशी पासपोर्ट घ्यायला आल्या. व्हिसा मिळाला होता. कामावर जाऊन बोटं परत निळी झाली होती.

"आता नाही घासायची," त्या मॅडमना म्हणाल्या. "अक्काची नजर आणखी अंधूक झाली आहे. ती म्हणते, तू ये तर खरी. तोंड नीट दिसलं नाही तरी हात चाचपून ओळखीन तुला."

मित्रांनो, मला मऊ कापडानं पुसत जा, एवढंच माझं मागणं. आणि तुमच्या घरात जे हात राबतात, त्यांना कधी लाजवू नका. अक्कानं ते हात नक्की ओळखले असतील. मी परका असून ओळखले, ती तर सख्खी बहीण!