प्रेमिलानं लावलेला पॉइंट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शहाणपण शिकवायला नको. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा आम्हा पोरांकडून पाढ्यांसारख्या घोटवून घेतल्या. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की तो म्हणायचा, "तोंडावर पाणी मारा आन् दवाखान्यात न्या." मीही त्याच वळणाचा. नागपूरच्या लकडगंजातल्या माझ्या गॅरेजात कुणी लिंबू-मिरची बांधलेली गाडी आणली, तर मी आधी ती तोडतो आणि मग बॉनेट उघडतो. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे.

असा मी, आणि मधुकररावांच्या फियाटमध्ये माझी मेलेली बायको होती.

आधी गाडीचं समजून घ्या. जुन्या पेट्रोल गाड्यांत ठिणगी पाडायला डिलको असतो आणि त्या डिलकोत सीबी पॉइंट. म्हणजे धातूचे दोन दाणे. ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात. सुटले की ठिणगी पडते. सुटल्यावर त्यांच्यात जेमतेम नखाच्या जाडीची फट राहायला हवी. ती कमी-जास्त झाली की सगळं इंजिन बिघडतं. पॉइंटला फायबरची एक छोटी टाच असते. ती आत फिरणाऱ्या दांड्यावर घासते आणि दाण्यांना उघडते. घासून घासून टाच झिजते, फट मिटत जाते, आणि सहा-आठ महिन्यांत गाडी कुरकुरायला लागते. मग फट पुन्हा लावायची. टाच पुरती संपली तर पॉइंट उघडतच नाही आणि गाडी जागची हलत नाही. एवढंच शास्त्र आहे.

ही फट माझ्या गॅरेजात माझी बायको प्रेमिला लावायची. तिनं लहानपणापासून बिड्या वळल्या होत्या, लग्नानंतरही कित्येक वर्षं. त्या बोटांना पानाची जाडी न बघता कळायची. एकदा डबा घेऊन आली, मी डोळे बारीक करून पॉइंटशी झटत होतो ते पाहिलं, आणि म्हणाली, "सरका." त्या दिवसापासून तिचं स्टूल गॅरेजात आलं. शेजारी लाकूड कापायच्या आरामशिनी किंचाळत असायच्या, त्यात मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही. आणि ही इंजिनाला कान देऊन म्हणायची, "अजून जराशी उघडते थांबा." मधुकरराव, आमचं जुनं गिऱ्हाईक, रामदासपेठेतून फियाट घेऊन आले की माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. "तू बाजूले हो गा अंकुश. प्रेमिलाबाई कुठी आहे?" मी चिडायचो, म्हणजे चिडल्याचं दाखवायचो. मनातून मला तिचा फार अभिमान होता.

तिनं लावलेला शेवटचा पॉइंट त्याच फियाटचा. नंतर ती अंथरुणाला खिळली आणि उन्हाळा सरायच्या आत गेली. पुण्यानुमोदन झालं, भन्तेजी बोलले, लोक जेवले, आणि दुसऱ्या दिवशी मी गॅरेज उघडलं. घरी बसून काय करणार होतो?

पुढं फियाट ऑइल बदलायला आली तेव्हा मी सहज डिलकोचं झाकण काढून फट मोजायच्या गेजचं पातं आत सरकवलं. फट बरोबर होती. बरं वाटलं, म्हटलं, हात पक्का होता बाईचा. वर्षानं पुन्हा पाहिलं. मधल्या काळात गाडी पचमढी करून आली होती. तरी फट तीच, केसाचा फरक नाही. तेव्हा मात्र मी पातं पुसून पुन्हा घालून पाहिलं. फायबर झिजतंच, झिजलं नाही असं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. मग माझं बोट पॉइंटच्या स्क्रूला लागलं. सकाळची वेळ होती, गाडी रात्रभर गॅरेजात उभी होती, इंजिन गारठलेलं होतं. आणि तो एवढासा स्क्रू कोमट होता. आत्ताच कुणीतरी त्यावरून अंगठा उचलल्यासारखा.

मी झाकण लावलं आणि बाहेर जाऊन चहा प्यायलो. कुणाला सांगणार? ज्याच्या बापानं पाणी मारून लोकांची भुतं उतरवली, त्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं की माझी बायको डिलकोत बसली आहे?

त्यानंतर मी निमित्तं काढायला लागलो. साहेब, ब्रेक पाहून घेतो. साहेब, कार्बोरेटर साफ करून ठेवतो. गाडी दोन-दोन दिवस ठेवून घ्यायचो. दुपारी आरामशिनी जेवायला बंद झाल्या की फियाट चालू करायची, बॉनेटशी तिचं स्टूल ओढायचं आणि डबा उघडायचा. इंजिन तिनं लावून दिलेल्या चालीत चालायचं. मी तिला घरचं सांगायचो, गल्लीतल्या उखाळ्यापाखाळ्या सांगायचो. भीती वाटायची का? वाटायची. मानेवर काटा उभा राहायचा, आणि तरी उठवत नसे. असा मी तीन वर्षं जगलो, आणि खरं सांगायचं तर बरा जगलो.

मग मयुरा आली. मधुकररावांची नात, वर्धा रोडवरच्या मिहानमध्ये नोकरीला. म्हाताऱ्याला आता स्टिअरिंग ओढवत नव्हतं, म्हणून त्यांनी फियाट तिला देऊन टाकली होती. ती गाडी घेऊन आली, शेजारच्या सीटवर आजोबा, आणि उतरली ती हातात एक खोकं घेऊन. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट. पॉइंट काढून फेकायचा आणि त्या जागी एक छोटा सेन्सर बसवायचा. मग टाच नाही, झीज नाही आणि फट लावणंही नाही.

"काका, एवढं बसवून द्या."

"नाई बसवत."

"काहून?"

"ते रस्त्यात मेलं तर मेलं. पॉइंटाचं तसं नाई, माचिसवर घासला तरी गाडी घरी येते."

"अन् घासून द्यायले तुम्ही येणार का वर्धा रोडवर? काका, तुमच्यामागं नागपुरात पॉइंट लावणारं कोण आहे, सांगा बरं."

पोरगी खोटं बोलत नव्हती, म्हणूनच मला राग आला. वायरिंग जळेल म्हणालो, किट बोगस असेल म्हणालो, जुन्या गाडीला नवं सोसत नाही म्हणालो. तिच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. शेवटी बाकावर टेकलेले मधुकरराव म्हणाले, "मयुरा, तो काहून टाळून राहिला मी सांगतो तुले. प्रेमिलाबाईच्या हातचा शेवटचा पॉइंट आहे तो."

मयुराचा चेहरा उतरला. "मले माहीत नव्हतं काका. राहू द्या मग." तिनं खोकं पिशवीत घातलं. माझ्या जिवात जीव आला.

"राहू द्या कसं?" मधुकरराव म्हणाले. "तू रोज एकटी येणं-जाणं करतेस. अंकुश, तुया दुःखाची मले कदर आहे गा. पण त्याच्यापायी माही नात रस्त्यात उभी नको राहायले."

यात वावगं काय होतं? मीही माझ्या नातीसाठी हेच म्हणालो असतो. मी पाना उचलला.

झाकण काढलं. शेवटचं म्हणून गेज लावून पाहिलं. फट बरोबर होती. स्क्रू कोमट होता. माफ कर वं, असं मनात म्हणालो आणि तो सैल केला. पॉइंट बाहेर काढून उजेडात उलटा धरला.

टाच नव्हती. झिजलेली होती असं नाही म्हणत मी, ती नव्हतीच. फायबर मुळापर्यंत संपलं होतं आणि खालची पट्टी घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. ती झीज आजची नव्हती, कालचीही नव्हती. तरी मी खात्री करायला पॉइंट परत बसवला. दाणे एकमेकांना घट्ट चिकटले, पातं आत जाईना. मयुराला चाबी मारायला लावली. इंजिन नुसतं गरगरलं, ठिणगीचं नाव नाही.

मधुकररावांनी चष्मा लावून तो पॉइंट कितीतरी वेळ पाहिला. चाळीस वर्षं गाडी वापरलेला माणूस, त्यांना सगळं कळत होतं. "मंग ही कशावर चालून राहिली होती गा?"

"मी काल हिच्यातच काटोलले जाऊन आली," मयुरा हळूच म्हणाली.

टाच केव्हाच संपली होती. ती फट प्रेमिलानं धरून ठेवली होती, बोटांनी. पचमढीच्या घाटात, वर्धा रोडवर, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, प्रत्येक ठिणगीला.

शेवटच्या वर्षांत तिची बोटं सुजायची. घरी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची आणि विचारलं की म्हणायची, काही नाही. मी म्हणायचो, "एवढी एक लावून दे वं, मंग आराम कर." त्या एकीमागं दुसरी गाडी असायचीच. मग ती गेली, आणि मी फियाट ठेवून घेऊ लागलो, चालू करू लागलो, समोर बसून जेवू लागलो. तिला वाटलं असेल, यांचं काम अजून संपलेलं नाही. आणि मी खुशाल समजत होतो की ती माझ्याजवळ बसायला येते. लोक मेलेल्यांसाठी घास काढून ठेवतात. मी तिच्यासाठी काम काढून ठेवलं होतं.

मी रडलो. भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, तोंडसुद्धा न झाकता. मयुरानं पाणी आणून दिलं. मधुकररावांनी आपली टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग तोंड धुतलं आणि किट बसवलं. सेन्सर घट्ट केला, वायरी जोडल्या, टायमिंग मिळवलं. पहिल्याच चाबीला इंजिन सुरू झालं. चांगलं चालत होतं, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्या आवाजात कुणी नव्हतं.

दोघं गेले. आरामशिनी जेवायला बंद झाल्या होत्या. गॅरेजात मी एकटा होतो, आणि नव्हतोही. ती स्टुलाशी उभी होती. दिसत नव्हती, पण हातातलं काम अचानक काढून घेतल्यावर माणूस जसं घुटमळतं, तशी ती घुटमळत होती, एवढं मला समजत होतं. पुढची गाडी कोणती, याची वाट बघत होती.

"झालं वं," मी म्हणालो. "आता एकही गाडी नाई."

काहीच हललं नाही.

"घरी जाय तू. माह्यासाठी थांबू नको." मी तिचं स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं. "मी येतो तुया मांगून."