झाकणाला आधीपासून तडा

पॉलिसी झाली तर विमा एजंट असलेल्या जावयाला कमिशन मिळणार होतं, शिवाय वर्षाचं टार्गेट पुरं होऊन नवराबायकोला चार दिवसांची फुकट सहल. त्याच्या सासूला, मिक्सर दुरुस्त करणाऱ्या बाईंना, मिळणार होता आजारपणाचा विमा. फायदा दोघांचा होता. घाई मात्र एकट्या जावयाला.

बाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून तो फॉर्म भरत होता. हात सराईत. आजारांच्या यादीपुढे 'नाही', 'नाही' करत पेन सुसाट खाली निघालं होतं.

"थांबा जावईबापू. हृदयविकाराचं विचारलंय ना तिथे?"

"आई, सगळे 'नाही'च लिहितात."

"दोन वर्षांपूर्वी छातीत दुखून चार दिवस दवाखान्यात होते मी. डबे तुम्हीच आणत होतात की!"

"ते कंपनीला कशाला सांगायचं? हप्ता वाढेल, हृदयाच्या दुखण्याला तीन वर्षं पैसे मिळणार नाहीत. वर तपासण्यांत माझ्या टार्गेटची मुदत संपेल. तुमच्या लेकीने सहलीची बॅगसुद्धा घेतलीय!"

लेकीचं नाव काढलं की सासू विरघळते, हा जावयाचा अनुभव होता. बाईंनी उत्तराऐवजी फळीवरचा एक मिक्सर पुढे ओढला. वायरीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. वस्तू ठेवून घेण्याआधी तिचे जुने दोष गिऱ्हाइकासमोर लिहायचे आणि खाली त्याची सही घ्यायची, ही बाईंची पद्धत. या चिठ्ठीवर होतं, 'झाकणाला आधीपासून तडा. बटण ढिलं.'

"भांडण झालं की मी आधी ही चिठ्ठी बघते. कंपनीही तेच करणार."

"अहो आई, मिक्सर वेगळा, माणूस वेगळा."

"वेगळं आहेच. मिक्सरचं बिल त्याच्या मुलीला भरावं लागत नाही."

भिंतीपलीकडे फ्रेमवाला खिळे ठोकत होता. ते अर्धं दुकानही पूर्वी बाईंचंच. नवऱ्याच्या फॉर्मवर तेव्हाच्या एजंटने असंच 'नाही' लिहिलं होतं. रक्तदाब लपवला म्हणून कंपनीने पैसे नाकारले; मग दवाखान्याच्या बिलापायी दुकान अर्धं विकलं आणि मधे ही भिंत आली.

"नवा फॉर्म काढा. नाहीतर मी दुसरा एजंट बघते."

जावयाने काढला. 'हो' लिहिताना त्याचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्यासारखा झाला होता. बाईंनी दवाखान्याचे कागद जोडले, रोजच्या गोळ्यांची नावं सांगितली, सगळं मोठ्याने वाचून घेतलं आणि मगच सही केली.

तपासण्यांत पाच आठवडे गेले. मुदत टळली. हप्ता सात हजारांनी वाढला, हृदयाला तीन वर्षांची अट लागली. लेक महिनाभर फोनवर फक्त "हं" म्हणत होती. मिक्सरच्या मोटारीची तार गुंडाळायचं यंत्र बाईंनी घ्यायचं ठरवलं होतं, ते राहिलं. तार हातानेच गुंडाळत राहिल्या.

दुसऱ्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन झालं. कंपनीने जुना फॉर्म काढला, दवाखान्याचे सगळे कागद मागवले, ताडून पाहिले. खोट काढायला जागाच नव्हती.

ऑपरेशनचे पैसे कंपनीने भरले. वाढीव हप्ता बाईंच्या बोटांनी भरला. जावयाची सहल गेली ती गेलीच. लेकीने भरलं ते फक्त दवाखान्यातून घरी आणतानाचं टॅक्सीचं भाडं, आणि तेही बाईंनी दारातच तिच्या हातात परत ठेवलं.