चारशे अकरावं मत

मित्रांनो, मी मतदान यंत्रातला एक जुना डबा आहे. बटणांचा माझा भाऊ पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसतो आणि मी बाहेर, अधिकाऱ्यांच्या टेबलावर. आम्ही वायरीनं जोडलेले. अधिकाऱ्यानं माझं बटण दाबलं की माझा लाल दिवा लागतो. मग मतदारानं आत निळं बटण दाबायचं. शेजारचं यंत्र काचेआड सात सेकंद चिठ्ठी दाखवतं, मी लांबलचक पीऽऽप करतो आणि मत जमा होतं. एका खेपेला एकच, बरं का! हरलेले मला नावं ठेवतात, जिंकलेले विसरून जातात आणि मी कुलपाआड धूळ खात पडतो. चालायचंच.

गेल्या निवडणुकीत मी म्हैसूरला, चामराजपुरमच्या एका शाळेत होतो. दुपारी एक्याण्णव वर्षांचे दत्तोजीराव आले. मागच्या वेळी यादीतून नावच उडालं होतं, तेव्हा बिचारे हात हलवत परत गेले होते. यंदा कचेरीचे खेटे घालघालून त्यांनी ते पुन्हा चढवून घेतलं होतं. रजिस्टरात सही झाली, बोटाला शाई लागली. माझं बटण सांभाळणाऱ्या अधिकारी जयलक्ष्मीबाई मात्र मतदारांच्या चिठ्ठ्या लावण्यात गुंतल्या होत्या. माझं बटण दाबायचं राहूनच गेलं! दत्तोजीरावांनी आत निळं बटण दाबदाबून पाहिलं. मी आपला मुका.

बाहेर येऊन ते शांतपणे म्हणाले, "अम्मा, नानु ओटु हाकिल्ला. माझं मत पडलं नाही."

बाई म्हणाल्या, "मी बटण दाबलं होतं, आणि शाई लागल्यावर पुन्हा आत जाता येत नाही." रांग चुळबुळायला लागली. आजोबांचाच काही घोटाळा झाला असेल, असं कुणीतरी पुटपुटलं. दत्तोजीराव दारातून हलेनात. माझा जीव नुसता कासावीस झाला.

शेवटी मुख्य अधिकारी मल्हारराव उठले. रजिस्टरात सह्या चारशे अकरा होत्या. मग त्यांनी माझं 'टोटल'चं बटण दाबलं. मला तेवढंच हवं होतं! मी आकडा दाखवला, चारशे दहा.

जयलक्ष्मीबाईंचा चेहरा उतरला. "तप्पायितु, अज्जा. चुकलं माझं," म्हणत त्यांनी माझं बटण दाबलं. दत्तोजीराव पुन्हा आत गेले, आणि मी असा खणखणीत वाजलो म्हणता! ते हसतच घरी गेले. संध्याकाळी मीही खुशीत कुलपाआड गेलो.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस मत द्यायला याल. मला आदळू नका, उगाच ठोकू नका. आणि कुणी बटण दाबल्याशिवाय मला ब्रही काढता येत नाही, हे ध्यानात ठेवा. म्हणून माझा आवाज ऐकू आला नाही, तर कुणी कितीही 'झालं तुमचं' म्हणो, दारातून हलू नका.