मशीनखालची रबरं

“अजून पाव फेरा,” नकाशा म्हणाला. “जास्त नको. रबर दबलं पाहिजे, चेपलं नाही पाहिजे.”

“मला नका शिकवू,” त्याची बायको म्हणाली आणि तिने स्क्रू बरोबर तेवढाच फिरवला.

घरासमोर उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या हँडलवर दोघं वाकली होती. हँडलला लोखंडाच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये चार काळी, जाड रबरं आणि वर ऑफिसने दिलेला जीपीएस. कालपर्यंत ही रबरं तिच्या शिवणाच्या मशीनखाली होती. आधी स्पंज लावून झाला, तर जीपीएस त्यावर डुलायला लागला. मग सायकलची ट्यूब, मग जुन्या चपलेचा तळ. सगळ्यांनी हात टेकले. शेवटी तिनेच मशीन उलटं केलं आणि म्हणाली, “ही घ्या. मशीन आदळू नये म्हणूनच असतात ना?”

त्याने गाडी सुरू केली. तिने बाटलीचं झाकण पाण्याने भरून जीपीएसवर ठेवलं. मागच्या खेपेपर्यंत पाणी बघता बघता सांडायचं. आज नुसती बारीक थरथर आली आणि पाणी तसंच राहिलं.

“अहो, सांडलं नाही!” ती लहान मुलीसारखी ओरडली.

सत्तावीस वर्षं तो छोट्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीत घालून मोठ्या लॅबला पोचवत होता. कुठला रस्ता कधी तुंबतो, कुठल्या बोळातून गाडी निघते, हे बाकीचे त्याला विचारायचे. म्हणून नाव पडलं नकाशा. त्यालाही जीपीएस मिळाला, अर्थात रस्ता दाखवायला नव्हे, त्याच्यावर डोळा ठेवायला. ऑफिसने त्याला दिलेली गाडी जुनी, आणि हादऱ्यांनी दोन जीपीएस आतून खिळखिळे होऊन बंद पडले. लगेच नोटीस आली: तिसरा बिघडला तर चालवणाऱ्याला गाडीवरून उतरवलं जाईल. वाचून वाटावं, याने ती यंत्रं चावून खाल्ली.

तो हबकला होता. सेवेची दोनच वर्षं उरली होती आणि गाडी चालवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. त्यातून एक गोष्ट त्याने ऑफिसात कोणालाही सांगितली नव्हती. त्याची बोटं मेली होती. सकाळी ती पांढरीफटक पडायची, मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. शर्टाची बटणं गेली पाच वर्षं बायको लावत होती. क्लच आणि ब्रेक तो अख्ख्या पंजाने दाबायचा. जो हादरा दोन वर्षांत दोन यंत्रं खाऊन गेला, तोच सत्तावीस वर्षं या हातांतून गेला होता. त्याची नोटीस कोणी काढली नाही.

पुढचे तीन महिने त्याचा जीपीएस एकदाही अडखळला नाही. तळहाताच्या फोडासारखा जपला त्याने. बाकीच्यांचे मात्र एकामागून एक बंद पडत होते. एके दुपारी तरुण मॅनेजरने त्याला आवारात बोलावलं.

“काका, कमाल केलीत! सगळ्यांना दाखवा बघू. इथेच खोला आणि इथेच परत बसवा.”

बावीस जण गोल करून उभे राहिले. नकाशाची छाती फुगली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कोणी काही करून दाखवायला सांगितलं होतं. त्याने पेचकस हातात घेतला आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की यातला एकही स्क्रू आपण कधी फिरवलेला नाही. डोकं त्याचं होतं, बोटं तिची.

मुठीत पेचकस धरून त्याने कसेबसे स्क्रू काढले. बसवताना पहिला हातातून निसटला. उचलायला वाकला, तर चिमटीतच येईना. दुसराही पडला.

“नकाशा रस्ता चुकला रे!” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोही हसला.

मॅनेजर हसला नाही. त्याने नकाशाचा हात धरून उलटा केला आणि बोटांकडे बघत राहिला. “काका, हे कधीपासून?”

“थंडीमुळे होतं, साहेब.”

उन्हात उभे असलेले सगळे घामाने निथळत होते.

मॅनेजरने त्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने त्याला डोळे मिटायला लावले. “सुई टोचली की सांगा.” नकाशा दर थोड्या वेळाने “टोचली” म्हणत राहिला. डॉक्टरने सुई अजून हातात घेतलीच नव्हती.

त्याचं गाडी चालवणं बंद झालं. मॅनेजर वाईट असता तर निदान चार शिव्या हासडता आल्या असत्या. पण तो खरोखर हळहळला. “रस्त्यात काही झालं असतं तर, काका? तुम्हाला, नाहीतर समोरच्याला?” आत बसून करण्याजोगं एकच काम होतं, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं. त्यालाही बोटं लागतात.

त्याच आठवड्यात फलकावर कागद लागला: यंत्रांचं आयुष्य वाढावं म्हणून सर्व गाड्यांना रबरी बैठक बसवण्यात येईल. नकाशाने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. मग आत जाऊन म्हणाला, “साहेब, ती चार रबरं तेवढी देता? घरच्या मशीनची आहेत.”

“तो नमुना आहे ना, काका. त्यावरून बाकीच्या बनवायच्यात. झालं की देतो.”

आता तो दिवसभर घरी असायचा. तेव्हा त्याला कळलं, की बायकोचं मशीन टेबलावर केवढं आदळतं. खाली तिने चिंध्यांच्या घड्या घातल्या होत्या, त्याही सरकायच्या. तीन महिने ती अशीच शिवत होती.

“बोलली का नाहीस?”

“तुमचं चाललं होतं ना नीट.”

तो खुर्ची ओढून समोर बसला आणि दोन्ही तळवे मशीनवर दाबून धरले. “चालव.”

तिने पायाने बटण दाबलं. सुई कापडावरून पळायला लागली. हाताखालच्या कापडावरची नजर न उचलता तिने विचारलं, “बघा हो, अजून हलतंय का?”

नकाशाने तळवे आणखी जोरात दाबले. मग टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्याकडे बघून म्हणाला, “हलतंय.”