तापलेला हीटर आणि माझे शून्य

मित्रांनो, माझा जबडा पाहून घाबरू नका. मी चावत नाही. मी एक जुना क्लॅम्प मीटर आहे. विजेची तार न तोडता, तिला नुसती जबड्यात धरून मी सांगतो की तिच्यातून किती वीज वाहते आहे.

जपानमधल्या नागानोच्या डोंगरांत, एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. तिथून टोकियोला आलो तो थेट होशिना-सान नावाच्या वायरमनच्या कमरेला. सान म्हणजे आपल्याकडचे आदराचे 'जी'. एकवीस वर्षे मी त्यांच्याबरोबर हिंडलो. मला लावण्याआधी ते तारेकडे बोट दाखवत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "तार एक, योशी!" योशी म्हणजे बरोबर आहे. इथले आगगाडीचे चालकही असेच सिग्नलकडे बोट दाखवून बोलतात. मोठ्याने बोलले की मन जागे राहते.

दोन वर्षांपूर्वी होशिना-सानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणे इतके अडखळले की त्यांच्या पत्नी काझुए-सान यांनाही ते कळेना. वर्षभर मी टोकियोजवळच्या उरायासुच्या त्यांच्या घरी कपाटात पडून होतो. मग एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने मला सुप्रभाच्या हातात ठेवले.

सुप्रभा मूळची पुण्याची. ती टोकियोतल्या ओजिमाला राहते. होशिना-सान ज्या इमारतीची वीज सांभाळत, तिथेच तिचे ऑफिस, आणि विजेचे थोडेफार ती त्यांच्याकडूनच शिकली होती. डेटा सेंटर म्हणजे जिथे हजारो संगणक दिवसरात्र चालतात ती इमारत. अशा इमारतींत कुठे जागा शिल्लक आहे, हे लोकांना शोधून देणे हे तिचे काम.

गेल्या डिसेंबरात तिच्याकडे प्रसन्नचे काम आले. हा सेंदाईच्या विद्यापीठातला मराठी संशोधक. झटका आलेल्या माणसांचे तुटके बोलणे ओळखायला तो संगणकाला शिकवत होता. तुम्ही पाढे घोकता ना, तसे संगणकाला ते आवाज लाखो वेळा ऐकावे लागतात. त्यासाठी पुष्कळ शक्तिशाली यंत्रे सात आठवडे चालवायची होती, आणि ती भरपूर वीज खातात. एकतीस मार्चला प्रकल्पाची मुदत संपत होती. तोवर शिकवणे झाले नाही, तर प्रकल्प बंद.

टोकियोभोवती सगळे म्हणाले, वीज मिळायला तीन वर्षे थांबा. ओसाकातही मोठी रांग. अखेर चिबात एका ठिकाणी उत्तर मिळाले, "चाळीस रॅक रिकामे आहेत." रॅक म्हणजे संगणक ठेवायचे उंच कपाट. सुप्रभा लगेच मला घेऊन गेली. दाखवायला आलेला विक्री विभागाचा माणूस वायरमन नव्हता. सुप्रभाही मूळची सॉफ्टवेअरची. बोट दाखवून ओरडायची तर तिला लाजच वाटे. तिने समोरची जाड केबल आख्खीच माझ्या जबड्यात धरली. मी दाखवले, शून्य.

"लाइन पूर्ण मोकळी!" ती आनंदाने म्हणाली. तिने फोटो काढला, प्रसन्नला फोन केला आणि तशीच उरायासुला गुरूंना दाखवायला गेली.

फोटो पाहताच होशिना-सान लालबुंद झाले. काहीतरी बोलू लागले, पण कोणाला कळेना. मग त्यांनी मला ओढून घेतले आणि खोलीतल्या हीटरच्या वायरला लावले. हीटर निखाऱ्यासारखा तापला होता, आणि मी दाखवत होतो शून्य!

होशिना-सानांनी एक बोट वर केले. फक्त एक.

आता सुप्रभाच्या लक्षात आले. केबलच्या पोटात जाणारी वीज असते आणि परत येणारीही असते. दोन्ही एकदम धरल्या तर माझ्या लेखी त्या एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून एकच तार धरायची. चिबातली ती केबल वरच्या मजल्याच्या संगणकांनी पुरती व्यापली होती, हे दुसऱ्या दिवशी कळले.

पण त्याची वाट न पाहता तिने होशिना-सानांच्या घरूनच फोन लावला. "प्रसन्न, माझं चुकलं रे. रॅक रिकामे आहेत, पण त्यांना वीज आहे की नाही, हे मला माहीतच नाही."

"सुप्रभाताई, मी लॅबमध्ये सगळ्यांना तांदळाचे मोची लाडू वाटले! आता पोटातून परत काढू का?" तो हसला, मग म्हणाला, "दोनशे लोकांनी आवाज दिलेत, ताई. धड बोलता येत नसताना दिलेत. त्यांना काय सांगू?"

"अजून काही सांगू नकोस. मी शोधते."

यानंतर ती सगळीकडे एकच प्रश्न विचारू लागली. "रॅक किती?" असे नाही, "वीज किती शिल्लक?" सतरा ठिकाणी नकार आला. मग दूर उत्तरेकडच्या आकिताहून होकार आला. तिथल्या एका ग्राहकाने नुकताच आपला पसारा हलवला होता.

आकितात गुडघाभर बर्फ होते. तिथले वायरमन आबे-सान यांनी रबरी हातमोजे घालून पॅनेल उघडले आणि मला हातात घेतले. सुप्रभाने बोट दाखवले आणि सगळ्यांसमोर ओरडली, "तार एक, योशी!"

आबे-सान दचकले. "बाप रे! हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"होशिना-सान. उरायासुचे."

"कडक गुरू दिसतायत."

"फार."

शंभर अँपिअरच्या त्या लाइनवर मी अकरा दाखवले, म्हणजे बहुतेक वीज शिल्लक होती. बाकीच्या ताराही आम्ही एकेक करून तपासल्या. सगळ्या तशाच. जानेवारीत संगणक शिकू लागला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शिकून मोकळा झाला.

आज प्रसन्न लॅपटॉप घेऊन उरायासुला आला आहे, आणि सुप्रभा मला घेऊन. होशिना-सान माझ्याकडे पाहत माइकसमोर बराच वेळ अडखळत बोलले. पडद्यावर अक्षरे उमटली. काझुए-सान यांनी ती मोठ्याने वाचली, "मीटर ठेवताना सेल काढून ठेव. गळतात."

होशिना-सानांनी जोरजोरात मान हलवली. हेच, हेच!

"दोन वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही मीटरबद्दल!" काझुए-सान डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याबद्दल काही नाही का हो?" मग त्यांनी माइक पुन्हा नवऱ्यासमोर सरकवला.

मित्रांनो, आम्ही उपकरणे खोटे बोलत नाही. पण आम्हाला चुकीचे धरले, तर आमचे खरेही कामाचे राहत नाही. आम्हाला नीट धरा आणि जपून ठेवा. आणि कोणी अडखळत बोलत असेल, तर जरा थांबून ऐका.

सुप्रभाने माझ्या पाठीचा स्क्रू सैल केला आहे. एक सेल निघाला. दुसरा निघाला की मी गप्प होईन. काझुए-सान यांच्याबद्दल ते काय म्हणाले, हे मात्र ऐकायचे राहू…