उलट्या हाताची पेटी

कोपऱ्याचा टवका उडालेली ती पट्टी... बोट नेमकं तिथंच अडखळलं. खाटेवरून देवमनला दिसत नव्हतं, पण कळलंच. कामरगावपासून रिसोडपर्यंत गायन पार्टीत जन्मभर जी पेटी वाजवली, तिचं खोकणंसुद्धा ओळखीचं — आणि आता ती पेटी वच्छला वाजवत होती, त्याची बायको, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून. मोबाइलमधला मास्तर फुकट शिकवतो. "मित्रांनो, घाई करायची नाही," म्हणतो. मध्येच दंतमंजनाची जाहिरात येते. वच्छला हात आवरून ती पूर्ण पाहते, मग पुन्हा सा.

वाजव बाई, वाजव. खरं तर राग यायला हवा होता. लकवा मारल्यापासून उजवा हात पोटावर पडून असतो, कुणी ठेवायला दिल्यासारखा. डॉक्टरनं टाचणी टोचली तेव्हा टोचल्याचं नुसतं दिसलं. हाताचं ठीक आहे, पण मनाचंही तसंच काहून व्हावं? जयंतीच्या कार्यक्रमाला पार्टीनं दुसरा पेटीवाला बसवला — काही नाही. स्नेहा, पोटची पोर, उशाशी बसून रडली... तिच्या ओढणीचा रंग तेवढा लक्षात राहिला.

दुपारी तोंडावर ऊन आलं म्हणून वच्छलेनं खाट फिरवली, आणि पुन्हा पेटीपुढं बसली. आता ती समोर. देवमननं पाहिलं — अगं माय! उजव्या हातानं भाता, डाव्या हातानं पट्ट्या... समोर बसलेल्या मास्तरचा हात ज्या बाजूला दिसला, त्याच बाजूचा आपला हात हिनं उचलला!

घशातून काहीतरी फुटलं. हसूच होतं ते.

"काहून हासून राह्यले?" वच्छलेनं भाता थांबवला.

"उल... उलटे," जिभेनं कसंबसं ढकललं. "हात."

"राहू द्या उलटे. तुमालेबी समोरूनच पाह्यलं ना मी, साऱ्या कार्यक्रमायत. मले असेच दिसले."

आणि लागली पुन्हा. सा रे ग... सूर कच्चा, पण सूरच. म्हणजे डाव्या हातानंही निघतो तर — हे हिला ठाऊक आहे? चुकून बसली अशी, की मुद्दाम खाट फिरवली? ऊन तर रोजच येतं... नको. इतके महिने बरा होतो मी. काही वाटत नव्हतं, काही मागावं लागत नव्हतं. हा डावा हात जेवतो, माशा हाकलतो, पुरे आहे तेवढं.

वच्छलेचं बोट त्या पट्टीपाशी पुन्हा थबकलं. चादरीखाली देवमनचं डावं बोट तिच्याआधीच पुढं सरकलं होतं. त्यानं मूठ घट्ट आवळली, पण वच्छला पाहत होती.

आता ही विचारील, वाजवता का म्हणून. देवमनला चांगलीच भीती वाटली. आणि हिनं विचारलंच नाही तर... याची तर त्याहून जास्त.