छायाचा नवस मी फेडला

पांढुर्ण्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे, पण गेल्या वर्षापासून लोक मला दुकानावरून कमी आणि त्या डोंगरावरून जास्त ओळखतात. ‘गजाननराव म्हणजे ते हो, बायकोचा नवस स्वतः डोंगर चढून फेडणारे.’ लग्नाच्या पंगतीत बायका आपल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. खरं काय घडलं ते पुरतं आम्हा दोघा नवरा-बायकोलाच ठाऊक आहे, आणि त्यातली एक मला कधी बोलून दाखवत नाही. म्हणून मीच सांगतो.

आमचा हर्षल बारा वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. नऊ दिवस नागपूरला दवाखान्यात होता. पोरगं हातचं गेलं असंच मी धरून चाललो होतो, पण वाचलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी छायानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्या आईसमोर सांगितलं, की तिनं नवस बोलला होता. पोरगं बरं झालं तर सातपुड्यातली सहा उंच शिखरं आपल्या पायांनी चढीन. आईनं तिथल्या तिथं हात जोडले. आमच्या घरच्या सुनेला माहेरी रामाकोन्याला जायचं तरी आठ दिवस आधी विषय काढावा लागे. पण नवसाला कोण आडवं येणार?

पहिलं चौरागड झालं. आमच्याकडची माणसं महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिथं जातातच, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. शेजारच्या देवकाबाई आणि त्यांच्या ओळखीच्या चार बाया सोबत होत्या. मग बैराटची देवी. मग कुकरू. तिथं वाघदेवाचा ओटा आहे, असं तिनंच सांगितलं आणि आम्ही मानलं. धूपगडाच्या वेळी मात्र मला हसू आलं. सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर ते, पण वरपर्यंत जीप जाते. लोक सूर्यास्त बघतात, फोटो काढतात आणि खाली येतात.

‘‘तिथं कोणता देव आहे वं?’’ मी विचारलं.

‘‘सूर्यनारायण,’’ ती म्हणाली. ‘‘त्याले देऊळ नाही लागत.’’

‘‘मंग जीपनं जा ना. सूर्य तर सूर्यच आहे.’’

‘‘नवस पायांचा आहे,’’ ती म्हणाली, आणि पिशवी भरायला लागली.

बाजूनं जिपा जात होत्या आणि ही बाई कडेकडेनं पायी चढत होती, हे देवकाबाईंकडून कळल्यावर मी ते दुकानात महिनाभर रंगवून सांगितलं. माझी बायको किती देवभोळी, याचा मला केवढा अभिमान! परत आली की ती आठ-दहा दिवस वेगळीच असायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, स्वतःशीच काही गुणगुणायची, रागावलो तरी लागायचं नाही. मी म्हणायचो, देवाची कृपा.

धूपगडानंतरचं आणखी एक धरून सतरा वर्षांत पाच शिखरं झाली. मधे आईचं दुखणं, हर्षलचं शिक्षण, त्याची इंदूरची नोकरी, करोना. राहिलं एकच, अस्तंबा. तेही सातपुड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नंदुरबारकडे. धनतेरसला तिथं यात्रा भरते. आणि नेमका तेव्हाच छायाचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, झीज आहे, पण मांड्या मजबूत ठेवल्या तर अजून बरीच वर्षं निघतील. त्यांनी व्यायाम लिहून दिला. छायाला तेवढ्यानं समाधान झालं नाही. ती रोज सकाळी स्टेशनवर जायला लागली, पुलाच्या पायऱ्या चढायला. आधी दोनदा चढे, मग पाच वेळा, मग दहा. फलाटावरचा चहावाला तिला ‘‘आज किती झाले, काकू?’’ म्हणून विचारायचा. एकदा मी स्कूटरवर सोडायला गेलो आणि खाली उभा राहून पाहिलं. गुडघ्याला पट्टा, कठड्यावर हात, चेहरा घामानं निथळलेला. ही बाई नवसापायी जीव देणार, असं मला वाटलं. वर पोचल्यावर ती तिथंच उभी राहून हसली होती, तेही मी पाहिलं. पण त्या हसण्याचा मी काही विचार केला नाही.

त्याच आठवड्यात तिगावचे भगवंतराव दुकानात आले. जुनं गिऱ्हाईक, संत्र्याची मोठी बाग, मोठा अनुभव. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘अरे, नवरा-बायकोचा नवस काय वेगळा असते का? आमच्या मायचा नवस बापानं फेडला होता. देवाले चालते.’’

मला हे फार पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. फाल्गुनात मी छायाला सांगितलं, की जळगावला कंपनीची मीटिंग आहे. पुतण्या रोशनला घेतलं, त्याची गाडी काढली, तळोद्यापर्यंत गेलो, तिथं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी अस्तंबा चढलो. साठीच्या माणसाला ते सोपं नाही. दोनदा वाटलं, इथंच बसावं. पण चढलो. नारळ फोडला, अंगारा घेतला आणि उतरलो.

घरी येऊन तिच्या हातावर अंगारा ठेवला. म्हणालो, ‘‘घे. तुझं सहावं झालं. आता गुडघ्याले आराम दे.’’

ती अंगाऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘तुम्ही गेले होते?’’

‘‘मी! कोणासाठी? तुझ्यासाठी!’’

तिनं अंगारा कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी होतं. मला ते आनंदाचं वाटलं, आणि याच गोष्टीचा मला आजवर सगळ्यात जास्त राग येतो, माझा मलाच. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तिचं रडणं ओळखता येऊ नये?

पुढच्या रविवारी मळ्यात रोडग्याचं जेवण ठेवलं. नवस फिटला की आमच्याकडे तशी रीतच आहे. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. साठ माणसं जेवली. मी चढणीची गोष्ट दहा वेळा सांगितली, आणि दर वेळी चढण थोडी वाढत गेली. छाया वाढत होती. देवकाबाई एकदा माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहून गेल्या. मी म्हटलं, म्हातारीला ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून छाया स्टेशनवर गेली नाही, डॉक्टरांचा व्यायामही तिनं सोडला. पंधरा दिवस झाले, महिना झाला. बोलायची, हसायची, पण कामापुरतं. शेवटी मीच भडकलो. ‘‘सारं गाव मले नावाजून राहिलं अन् तू तोंड पाडून फिरून राहिली! काय कमी केलं मी?’’

ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

‘‘मी कोणता नवस बोललीच नव्हती,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे?’’

‘‘पोरगं तापानं फणफणून राहिलं होतं. तवा मले ना देव आठवला ना नवस. घरी आल्यावर सुचलं. लगन झालं त्या वर्षी मी तुम्हाले म्हटलं होतं, आपण चौरागड चढू. तुम्ही म्हटलं, काय ठेवलं आहे तिथं? आईही हसल्या. मंग मी देव ठेवला तिथं. देवाच्या नावानं निघाली तर कोणी अडवत नव्हतं.’’

‘‘अन् ते वाघदेव?’’

‘‘ओटा आहे. आम्ही पाहिला नाही.’’

‘‘पण काहून? काहून चढायचं?’’

‘‘काहून काय? मले आवडते,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही दिवसभर क्रिकेट पाहता, मी विचारते का काहून?’’

मी तिच्यासमोर खाली बसलो. मग म्हटलं, ‘‘ठीक आहे. तू जा ना या धनतेरसला. मी म्हणून राहिलो, जा.’’

‘‘काय सांगून जाऊ? साठ माणसं जेवून गेली नवस फिटला म्हणून. आता माझ्यासंगच्या बायांच्या घरचे त्यांले सोडतील? हर्षल फोनवर म्हणते, आई, आता कशाले गुडघा खराब करतेस?’’

‘‘मी सांगतो सगळ्यांले. खरं काय ते सांगतो.’’

तिनं पहिल्यांदा मान वर केली. ‘‘सांगाल?’’

‘‘सांगतो ना,’’ मी म्हटलं.

आणि नाही सांगितलं. हीच ती गोष्ट आहे, जिच्यासाठी मी हे सगळं सांगत बसलोय. अंगारा आणला ती चूक होती, भाबडेपणाची. ती कोणाच्याही हातून झाली असती. पण हे मी समजून-उमजून केलं. हर्षलला फोन लावायचो आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून द्यायचो. दुकानात कोणी ‘नवसवाले’ म्हटलं की ओठांवर यायचं आणि परत जायचं. कारण खरं सांगितलं, तर मी काय उरत होतो? खोट्या नवसासाठी धापा टाकत डोंगर चढलेला एक वेडा माणूस. चैत्र गेला, पेरणीची गडबड आली, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. छायानं मला एकदाही आठवण करून दिली नाही. ती वाट पाहत होती, मला ते कळत होतं, आणि मी उद्यावर ढकलत होतो.

श्रावण संपता संपता हर्षलला सांगितलं एकदाचं. तो हसला. ‘‘मग जाऊ दे ना तिला, बाबा. एवढं काय त्यात?’’ म्हणाला. एवढंच होतं. पाच महिने मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं. देवकाबाईंच्या घरी जाऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘आम्हाले मालूम होतं. तुम्हीच तेवढे राहिले होते.’’

छाया दुसऱ्याच दिवशी पहाटे स्टेशनवर गेली. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. दहाव्या दिवशी जमिनीवर पाय टेकवेना. नागपूरला नेलं. डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणाले, एवढ्या महिन्यांत काहीच केलं नाही का? व्यायाम तुटायला नको होता. आता ऑपरेशनशिवाय गत नाही, आणि त्यानंतरही घरातलं चालणं-फिरणं होईल, डोंगर विसरा. छायानं मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाली, ‘‘चला, गाडीची वेळ झाली.’’

धनतेरसला देवकाबाई आणि बाकीच्या बाया यात्रेच्या नावानं अस्तंब्याला गेल्या. संध्याकाळी आम्ही दोघं दारात खुर्च्या टाकून बसलो होतो. दिवे मी लावले होते, तिला वाकता येत नाही.

मग ती म्हणाली, ‘‘वरून काय दिसते हो?’’

‘‘कुठून?’’

‘‘अस्तंब्यावरून. मी आजवर कोणाले विचारलं नव्हतं. स्वतःच पाहीन म्हणत होती. आता सांगा.’’

मी आठवू लागलो. नारळ फोडायला सपाट दगड मिळत नव्हता, ते आठवलं. रोशननं माझा फोटो तीनदा काढला, दर वेळी डोळे मिटलेले. बूट चावत होता. अंधाराच्या आत खाली पोचायची घाई होती. वर आम्ही वीस मिनिटं होतो. रोडग्याच्या दिवशी एवढ्या लोकांना ती गोष्ट सांगितली, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

‘‘डोंगरच डोंगर,’’ मी म्हणालो. ‘‘लई मस्त.’’

‘‘अन् नद्या? आभाळ मोकळं असलं तर एका अंगाले तापी अन् एका अंगाले नर्मदा दिसते म्हणतात.’’

‘‘हाव, दिसल्या ना.’’

‘‘तापी कोण्या हाताले होती?’’

मी उजव्या म्हणालो. मग डाव्या म्हणालो. ती माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

‘‘थांब, रोशनले फोन लावतो,’’ मी म्हणालो. ‘‘त्याले आठवत असंल.’’

‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली.